खड्याचं वरचं अंग

आमच्या लॅबमध्ये मी धूळ रोज झाडते, तरी रोज साठते. किश्श्यांचंही तसंच. फरक एवढाच, की धुळीपायी बोलणी खावी लागतात आणि किस्से सांगितले की लोक चहा पाजतात. मी सांगलीच्या एका कॉलेजात फिजिक्सला शिपाई आहे. शिक्षण चौथी. पण सुपरकंडक्टर म्हणजे काय ते मला विचारा, सरांना विचारू नका. सर फळ्यापाशी गेले की तासभर वळत नाहीत.

तर आमच्याकडं या सरांच्या हाताखाली रूपाली म्हणून पोरगी पीएचडी करते. जतची, वडील मेंढरं राखतात. ही भट्टीत काळे खडे पिकवते, तिळाएवढे. खडा पार गार केला की त्यातून वीज बिनअडथळा जाते. तसले खडे बरेच जण करतात. रूपालीच्या खड्याची गंमत अशी, की त्याच्या वरच्या अंगावर विजेची एक वेगळीच वाट असते, आतल्यापेक्षा निराळी. ती वाट मोजून दाखवली की पीएचडी. नाही दाखवली तर विषय बंद, चार वर्षं पाण्यात.

*

मी या लॅबवर लागले त्या पहिल्याच आठवड्यात टेबल पुसताना तो खडाही पुसला. ओल्या फडक्यानं, चांगला घासून. सर आले, बघितलं आणि स्टुलावर बसले.

"मावशी, तो पृष्ठभाग होता."

"व्हय, म्हणूनच पुसला. आत कुठं फडकं जातंय?"

रूपाली कोपऱ्यात जाऊन रडली. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "यापुढं खड्याला हात लावायचा नाही."

"मग तुमी बी लावू नका. तुमच्या बोटांना शेंगदाण्याचं तेल असतंय."

त्या दिवसापासून शेंगदाणे सरांच्या खिशातून गेले.

*

मग रूपाली मला समजवायला बसली. "मावशी, ही वाट खड्याच्या रक्तातच असती बघा. वरचं अंग खरवडून काढलं तरी खालनं जे नवं अंग उघडं पडतंय, त्याच्यावर बी ती असतीच. कुणाला मोडता येत न्हाई."

"कुणालाच?"

"कुणालाच न्हाई."

"मग मी फडकं मारलं तवा एवढी रडलीस कशाला?"

ती उठून सरांकडं गेली. सर म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे," आणि वर्गावर निघून गेले. त्या वेळी त्यांचा वर्ग नव्हता.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. वाट मोडत नाही, पण मळाखाली दडते. म्हणून मोजायच्या आधी अंग ताजं लागतं. त्याची पद्धत काय, तर खड्याला चिकटपट्टी लावायची आणि ओढायची. वरचा पापुद्रा निघतो, खाली आरशासारखं नवं अंग. यंत्र खोलीभर, आणि भिस्त सगळी स्टेशनरीच्या दुकानातल्या पट्टीवर.

*

यंत्र गार करायला द्रव नायट्रोजन लागतो. त्याचा कॅन आम्ही दोघी गेटापासून आत आणतो. आता आमच्या भागात असला कॅन लोकांनी एकाच ठिकाणी बघितलेला असतो. जनावरांच्या डॉक्टरकडं. त्यात वळूचं बीज गार ठेवतात.

आष्ट्याचे एक पाहुणे पुतणीच्या ॲडमिशनला आले होते. कॅनकडं बघून म्हणाले, "कुठल्या जातीचं हाय?"

मी घाईत होते. म्हणाले, "सायन्सचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे टेम्पोतून गाय घेऊन गेटात हजर. सर खाली गेले. टेम्पोपाशी उभं राहून पंधरा मिनिटं त्यांना सुपरकंडक्टर समजावला. गाय शांत ऐकत होती.

पाहुणे म्हणाले, "सर, त्ये समदं बरोबर हाय. पर आजच्या आज व्हायला पायजे. उद्या माज ओसरतोय."

शेवटी रूपालीनं डॉक्टर बोलावले. त्या महिन्यात आमच्या डिपार्टमेंटचा तेवढाच प्रयोग यशस्वी झाला.

*

कारण खडे एकेक करून वाया चालले होते. कुणी तडकला, कुणाचा चुरा झाला. शेवटी एकच उरला, आणि नेमके त्याच दिवशी बाहेरगावचे परीक्षक आले. वयस्कर, सडसडीत, अंगावर नवीन पँट. म्हणाले, "आज दिसलं तर पुढं जाऊ. नाहीतर विषय बदला."

रूपालीनं घाईत खडा गोंदानं यंत्राच्या छोट्या बैठकीवर चिकटवला. तिनं पट्टी लावली, ओढली, आणि अख्खा खडाच बैठकीवरून उपटून पट्टीसकट चिमट्यातून उडाला. कुठं गेला ते कळलं नाही.

सगळे जमिनीवर. सर टेबलाखाली, रूपाली कपाटाखाली, परीक्षकही गुडघे टेकून रांगायला लागले. दहा मिनिटं झाली.

परीक्षक उठले तशी मी म्हणाले, "सर, तसंच उभं ऱ्हावा. गुडघा बघा."

खडा परीक्षकांच्या पँटवर होता. खालचा ओला गोंद कापडाला बसलेला, वरून पट्टी.

रूपालीनं पट्टीचं टोक धरलं, डोळे मिटले आणि ओढलं. खडा मधोमध चिरला. पट्टीवरच्या अर्ध्याचा चुरा झाला. गुडघ्यावरचा अर्धा मात्र असा लखलखीत, की त्यात ट्यूबलाइट दिसत होती. चार वर्षांत तसलं अंग निघालं नव्हतं.

पण गोंद कापड सोडेना, आणि हवेनं अंग मळत चाललेलं. मी कात्री उचलली.

"सर, पँट का पीएचडी, लवकर बोला."

त्यांनी रूपालीकडं बघितलं. म्हणाले, "कापा."

कापडासकट खडा यंत्रात गेला. चार वाजता पडद्यावर ती वाट उमटली. रूपाली नुसती बघत बसली.

आठवड्यानं परीक्षकांचा अहवाल आला. निष्कर्ष उत्तम. मात्र अंतिम मान्यतेआधी हाच प्रयोग याच पद्धतीनं, काहीही न बदलता, एकदा पुन्हा करून दाखवावा.

रूपालीनं नवा खडा पिकवला आणि त्यांना फोन लावला. "सर, खडा तयार आहे. पण पद्धत तीच हवी असं तुम्ही लिहिलंय, म्हणून जरा..." तिनं फोन माझ्यापुढं धरला.

मी फोन घेतला. "आवं सर, येताना तीच पँट घालून या. दुसरा गुडघा हाय की अजून."

 पलीकडनं त्यांनी हळूच विचारलं, "धुतलेली चालेल का?"