व्हिएन्नाचा मधला भाग

नववीच्या वर्गात मी फळ्यावर व्हिएन्ना शहर काढलं होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर चार विजेत्या देशांनी ही जुन्या साम्राज्याची राजधानी आपसांत वाटून घेतली. मधल्या भागावर चौघांचाही डोळा, म्हणून त्याचा ताबा दर महिन्याला एकेकाकडे. हे सांगत मी रंगीत खडू फिरवत होतो, तेवढ्यात खिडकीजवळची मुलगी म्हणाली, "सर, तिथल्या लोकांना कुणी विचारलं होतं का?"

मी खडू खाली ठेवला.

वडिलांच्या तेराव्याला मी आणि धाकट्या भावाने आईचे महिने ठरवले. 'आई माझ्याकडेच राहील,' असं दोघंही तावातावाने म्हणत होतो. त्यात माया होती, पण हट्ट जास्त होता. आई शेजारच्याच खोलीत बसली होती. तेव्हापासून दर एक तारखेला तिची पिशवी आणि देवांचा डबा घर बदलतात. माझ्याकडचं तिचं कपाट रिकामंच असतं. साड्या ती पिशवीतच ठेवते.

आज महिनाअखेर. घरी आलो तेव्हा ती एकेक देव फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवत होती.

"आई, तुला कुठे राहायला आवडेल गं?"

"मला काय विचारतोस? या देवांना विचार," ती हसली. "बिचाऱ्यांना दर महिन्याला नवी पूर्व शोधावी लागते."

डब्याचं झाकण तिच्याने लागेना. मीच ते दाबून लावलं.