तीन वेळा ठरलेला सामना

माझ्या आईनं मला खो-खो खेळताना कधीच पाहिलं नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं, आईचा खेळाला विरोध असणार. तसं काही नव्हतं. ती बघायला म्हणून दोनदा ट्रॉलीत बसून बारा मैल गेली होती. दोन्ही वेळा सामनाच जागेवर नव्हता.

ते माझं दहावीचं वर्ष. पावसानं सलग दुसऱ्या साली पाठ फिरवलेली. आमचं गाव बेंबळीपासून पायी तासाभरावर. वडील सोलापूरला गिरणीत बदली कामगार होते, म्हणजे दुसरं कुणी आजारी पडलं की यांना काम. आई रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायची. घरात आम्ही दोघीच, आणि दोघींना पुरेल इतकं पाणी आणणं हा घरातला मुख्य धंदा होता.

पाणी टँकरनं यायचं, दर तिसऱ्या दिवशी. टँकर साखर कारखान्याचा. कारखाना सहकारी होता, पण उसाचं काही सहकार्य नसल्यानं त्या साली बंद होता, आणि त्याचे टँकर सरकारनं पाण्यासाठी लावून घेतले होते. टँकर आधी गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि उरलं तर आमच्या वस्तीच्या हौदाकडं यायचा. त्यातही मागची तोटी गळकी. विहिरीपासून हौदापर्यंत रस्त्यावर पाण्याची ओली रेघ उठायची आणि त्या रेघेकडं बघून आईच्या पोटात तुटायचं. शेवटी एकदा तिनं स्वतःच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि तोटीला करकचून बांधली. हिरव्या लुगड्यावर मोठाल्या पांढऱ्या चौकटी होत्या. ड्रायव्हर हसला, पण पट्टी राहू दिली. गळती निम्म्यानं कमी झाली.

टँकरच्या दिवशी आमच्याकडं एक रीत होती. पहाटेच भांडी नंबरला लावायची. घागर रांगेत असली की माणूस असल्यासारखंच. घागरीला कुणी ढकलून पुढं जायचं नाही, गेलं तर भांडण, आणि भांडण म्हणजे साधं नव्हे. पण घागर नंबर धरते, स्वतः भरून घरी येत नाही. भरायला कुणीतरी लागतंच. आमच्या शेजारी चाची राहायच्या. बांगड्या विकत गावोगाव फिरायच्या. त्या बाहेर गेल्या की आई त्यांचं भरायची, आई अडकली की त्या आईचं. यात उपकाराची भाषा कुणी करत नसे. पण कोण कितीदा भरलं हे दोघींना झोपेतही सांगता आलं असतं.

अशात आमच्या शाळेच्या मुलींचा संघ फायनलला पोचला. कारखान्याच्या वर्धापनदिनानिमित्त आंतरशालेय स्पर्धा होत्या. ऊस नसल्यानं कारखान्याला खेळाकडं लक्ष द्यायला भरपूर वेळ होता. फायनल रविवारी, दुपारी चारला, कारखान्याच्या मैदानावर.

आधीचे माझे सगळे सामने आडवारी, लांब लांब झालेले. आईला जमलं नव्हतं. खो-खोतलं तिला काही कळतही नव्हतं. रांगेत बसलेल्या पोरी हरल्यात म्हणून बसवल्यात, असं तिला वाटे. पण या वेळी ती म्हणाली,

"म्या येणार. तीन वरसं तुझ्या ढोपराला हळद म्याच लावती. कुठं फुटत्यात ती, येकदा बघू तरी दे."

दहावीनंतर मला संघ नव्हता. बघायचं तर हेच. हे तिनंही बोलून दाखवलं नाही आणि मीही नाही.

रविवार टँकरचा वार होता. चाची म्हणाल्या, "तू जा गे, तुझं म्या भरती." आईनं भाकरी बांधून घेतल्या. गावानं डिझेलची वर्गणी काढून ट्रॅक्टर केला. ट्रॉलीत चाळीसेक माणसं बसली असतील. त्यातल्या एकानं तेरखेड्याहून खास फटाक्यांची माळ आणली होती.

मैदानावर गेल्यावर कळलं की सामना बुधवारी. मुंबईचे टेलिव्हिजनवाले ग्रामीण भागातल्या मुलींचा खेळ टिपायला येणार होते आणि त्यांना बुधवार सोयीचा होता. हे आधी का कळवलं नाही, असं आमच्या सरांनी विचारलं. कारखान्याचे एक सद्गृहस्थ म्हणाले, "कळवायचं कसं? तुम्ही आलात म्हणून तर सांगता आलं."

सामना पुढं ढकलला हे कळण्यासाठी सामन्याला जावं लागायचं. गर्दीच्या मागं उभ्या असलेल्या फटाकेवाल्याला कर्ण्यावरचं काहीच नीट ऐकू आलं नाही. टाळ्या वाजल्या म्हणून आपण जिंकलो असं समजून त्यानं निम्मी माळ लावली. टाळ्या टेलिव्हिजन येणार म्हणून वाजल्या होत्या.

आईनं भाकरी मैदानाच्या कडेला बसून खाल्ली आणि परत आली. "मैदान चांगलं हाय," एवढंच म्हणाली.

बुधवारही टँकरचाच. टेलिव्हिजनवाल्यांचं आणि टँकरचं पंचांग एकच असावं. शिवाय बुधवार म्हणजे कामाचा दिवस. रविवारी रोजगार हमीला सुट्टी असे, बुधवारी जाणाऱ्याचा खाडा. म्हणून ट्रॉलीत या वेळी वीसच माणसं, आणि डिझेलची वर्गणी माणशी दुप्पट. उन्हातान्हात घसा फोडून आमच्या नावानं ओरडणाऱ्या लोकांनाच ओरडण्यासाठी दुप्पट मोजावं लागत होतं. आईनं खाडा केला, वर्गणी दिली. चाचींनी दुसऱ्यांदा आमचं पाणी भरलं.

या वेळी टेलिव्हिजनवाले खरंच आले. तीन माणसं आणि एक कॅमेरा. पण आधी चेअरमनसाहेबांचं भाषण होतं, त्याआधी त्यांचा सत्कार, आणि त्याआधी सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. नमनालाच घडाभर तेल. आम्ही मुली ओळीनं उभ्या. सहकारातून क्रीडेकडं कसं जावं, हे ऐकता ऐकता सूर्य कारखान्याच्या चिमणीच्या मागं गेला. कॅमेरावाल्यानं आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाला की आता उजेड पुरणार नाही. आम्हाला चांगलं दिसत होतं. आम्ही रोज त्याच उजेडात सराव करायचो. पण कॅमेऱ्याला दिसत नव्हतं, आणि सामना आता त्याच्यासाठी होता. सामना शनिवारी, बाराच्या ठोक्याला. बाराला उजेड उत्तम असतो, असं तो म्हणाला. एप्रिल महिन्यात आमच्याकडं बाराला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

ट्रॉली परत निघाली. माझा राग राग झाला होता. आईनं भाकरीचं फडकं मांडीवर नुसतं घडी करून ठेवलं होतं.

शनिवार तिसरा दिवस, म्हणजे टँकर. शुक्रवारी चाची आमच्या दारात आल्या. लेक बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेले, त्यांना घर सोडता येत नव्हतं. हौद तर वस्तीच्या दुसऱ्या टोकाला. त्या काही मागायला आल्या नव्हत्या, नुसत्या येऊन बसल्या. आईनंच म्हटलं,

"तुमच्या घागरी माझ्या मागं लावा. उंद्या दोनी घरचं म्या भरती."

"आन् पोरीचा खेळ?"

"दोनदा बघून आली की मैदान."

मी रुसले. भांडले. "दुसऱ्या कुणाला सांग की," म्हणाले. ती म्हणाली, "दोन डाव त्या उभ्या व्हत्या. आता बाळंतिणीच्या घरात पानी न्हाय म्हनून सांगू व्हय?" मग तिनं माझा खेळाचा शर्ट तांब्याभर पाण्यात धुतला. त्या दिवसांत तांब्याभर पाणी म्हणजे काय, ते मला आत्ता हे लिहिताना जास्त कळतंय.

शनिवारी ट्रॉली गेलीच नाही. पाठीराख्यांपैकी चौघं सायकलवर आले. फटाकेवाला त्यात होता, उरलेल्या अर्ध्या माळेसह. आम्ही मुली आणि सर एसटीनं पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. मैदानाची माती भाजत होती आणि धूळ उडत होती. कॅमेरावाल्याचं म्हणणं पडलं की धुळीत चित्र येणार नाही. चेअरमनसाहेबांनी हात वर केला. शेडमागून टँकर निघाला, मैदानात आला आणि मागची तोटी उघडून गोल गोल फिरू लागला.

तोटीला हिरव्या लुगड्याची पट्टी बांधलेली होती. पांढऱ्या चौकटींची.

मी पट्टी पाहिली. गाठही ओळखली. आई गाठ मारते ती कुणालाच सुटत नाही, म्हणून ड्रायव्हरनं ती तोटीवरून नुसती वर सरकवली होती. त्या घटकेला आई कुठं उभी असेल हे मला पक्कं माहीत होतं. हौदापाशी, दोन्ही घरच्या घागरी पुढं ठेवून, रस्त्याकडं बघत.

मी कुणालाच काही बोलले नाही. टँकर अख्खा रिकामा झाला. मैदान गार आणि घट्ट झालं. शिट्टी वाजली.

आणि मी आयुष्यात कधी पळाले नव्हते इतकी चांगली पळाले. हे सांगताना अजून लाज वाटते, पण खरं आहे. ओल्या मातीवर पाय घसरत नव्हता, तळवे भाजत नव्हते. शेवटच्या डावात आमची मीच एकटी उरले होते. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत मी त्यांना झुलवत राहिले आणि वेळ संपेपर्यंत बाद झाले नाही. आम्ही एका गुणानं जिंकलो. अर्धी माळ वाजली. त्या दिवशी ढोपरसुद्धा फुटलं नाही.

बक्षीस म्हणून प्रत्येकीला स्टीलची कळशी मिळाली. टेलिव्हिजनवाल्यांनी त्याचंही चित्र घेतलं. दुष्काळी भागात हे बक्षीस उपयोगी पडेल, असं चेअरमनसाहेब म्हणाले.

संध्याकाळी ती कळशी घेऊन घरी आले. आई उंबऱ्यावर बसली होती. घागरी रिकाम्या, ओळीनं भिंतीला लावलेल्या.

"टँकर आलाच न्हाय," ती म्हणाली. "गाडीचा पाटा तुटला म्हनं. ड्रायव्हरचा निरोप आला दुपारी."

"बरं," मी म्हणाले.

"जिंकला?"

"व्हय."

तिनं कळशी हातात घेतली, उलटी करून बोटानं वाजवून पाहिली, जाड आहे म्हणाली. मग ती तीच कळशी घेऊन मैलभर लांबच्या झऱ्यावर गेली आणि निम्मी भरून आली. ते पाणी आधी चाचींकडं गेलं. चाचींची लेक त्याच रात्री बाळंत झाली. मी पाट्याबद्दल काही बोलले नाही. का नाही बोलले, तर त्या पाण्यावर मी पळाले होते. सांगितलं असतं तर तेही सांगावं लागलं असतं.

सामना दाखवणार तो दिवस दहा-बारा दिवसांनी आला. ग्रामपंचायतीपुढं टेबलावर टेलिव्हिजन मांडलेला. काळा-पांढरा. अख्खं गाव जमलं, सामन्याला कधीच न आलेलेसुद्धा. बघायला आता कुणाला वर्गणी नव्हती, खाडा नव्हता. आई सगळ्यांत पुढं, एका मांडीवर चाचींचा बारका नातू. चाची शेजारी. मी त्यांच्या मागं. आईनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. मला वाटत होतं, बघेल एकदाची.

आधी पिकावरच्या किडीची माहिती झाली. मग निवेदन करणाऱ्या बाई म्हणाल्या, आता ग्रामीण भागातल्या मुलींचा एक रंगतदार सामना.

पडद्यावर पहिल्यांदा मैदान आलं. मग टँकरची मागची बाजू, अगदी जवळून. पाणी धो धो पडतंय, मातीवर पसरतंय. चित्र चांगलं आलं होतं. धूळ अजिबात नव्हती. तोटीवर पट्टी, पांढऱ्या चौकटी स्पष्ट.

आई ताठ झाली. मान वळवून चाचींकडं पाहिलं.

"ते माझं लुगडं हाय."

चाची पुढं वाकल्या. "व्हय की गे. तुजंच."

"ह्यो आपला टँकर. त्या दिशीचा."

मागं कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, पाटा तुटला होता ना? कुणी ड्रायव्हरच्या नावानं शिवी हासडली. आई चाचींशी बोलत होती, बोटांनी दोन घरच्या घागरी मोजत होती. किती भरल्या असत्या त्या.

त्याच वेळी पडद्यावर मी पळत होते. खांबाला गिरकी घेतली, वाकले, हुलकावणी दिली. पाच आकडे मोजावेत एवढा वेळ. मी आईच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो, थांब म्हणाल्यासारखा, थोपटला आणि बोलत राहिली. मग चेअरमनसाहेब आले, हार आला, कळशा आल्या आणि बाईंनी नमस्कार केला.

तेव्हा आई मागं वळली. डोळ्यांत पाणी होतं, रागाचं असावं.

"तुझा खेळ कवा दावत्यात?"

"दावला, माय. झाला."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पुन्हा पडद्याकडं वळली, आणि मांडीवरचं पोर सावरून तशीच बसून राहिली. पडद्यावर हवामानाचा अंदाज लागला होता. मराठवाड्यात हवामान कोरडं राहणार होतं.