आत्याच्या छपराचे भांडण

आत्या गेल्याची तार माझ्या हाती पडण्याआधी हसनभाई येऊन पोचले. पुण्यातल्या ज्या शाळेत मी शिकवते, तिच्या फाटकाशी ते डोक्याचा रुमाल हातात घेऊन उभे होते. आत्याच्या शेजारच्या काकूंनी तार करायला माणूस धाडला होता, पण हसनभाईंचा तारेवर भरवसा नव्हता, म्हणून लोणावळ्याहून सकाळच्या गाडीने ते स्वतः निघाले. "आक्का पहाटं गेल्या," ते म्हणाले. "झोपंतच. तरास न्हाई झाला." आणि मग थांबले... बाजूला कोणीतरी उभे असावे आणि त्याने हे वाक्य पुढे पोचवावे, अशी वाट पाहत असल्यासारखे. त्यांचे थांबणे मला लगेच कळले. वीसेक वर्षे ते आणि आत्या एकमेकांशी बोलले ते तिसऱ्याच कोणाच्या तोंडून, आणि त्यातली चौदा वर्षे ते तिसरे तोंड माझे होते.

आत्याला जाऊन आता दीड महिना झाला. आत्याचे यजमान रेल्वेत होते. लोणावळ्यात वळवणच्या बाजूला त्यांनी चार खोल्यांचे कौलारू घर बांधले आणि तीनच पावसाळे त्यात काढून ते गेले. मूलबाळ नव्हते. काका, म्हणजे तिचे थोरले भाऊ, तिला पुण्याला न्यायला आले, तेव्हा तिने नाही म्हटले. एकट्या बाईचे गवंडी-सुतार ऐकत नाहीत, आणि लोणावळ्याच्या पावसात छप्पर गेले की घर गेले, असे काकांचे म्हणणे. शेवटी असे ठरले की ज्या वर्षी छप्पर तिच्याने राखवणार नाही, त्या वर्षी तिने निमूट पुण्याला यावे. हे तिने मला एकदाच सांगितले, तेही डाळ निवडता निवडता. पण दर उन्हाळ्यात ती कौलांकडे ज्या नजरेने पाही, तिचा अर्थ मला त्यानंतर समजला.

आईवडील गेल्यावर मी तिच्याकडे आले तेव्हा दहा वर्षांची होते. शिकत होते इंग्रजी शाळेत, मराठी बोलताना अडखळत असे, आणि त्यामुळे बोलणेच टाळत असे. नेमके मलाच तिने निरोप पोचवायचे काम दिले. परक्या पुरुषाशी थेट बोलायचे नाही, ही तिची लहानपणापासूनची रीत. हसनभाई टाकव्याचे, बापाच्या वेळेपासून कौले चाळण्याचे, म्हणजे पावसाआधी ती उतरवून पुन्हा नीट बसवण्याचे काम करणारे. ते अंगणात उभे राहत, आत्या उंबऱ्याच्या आत बसे, दोघांत सहा हातांचे अंतर, दोघांनाही सगळे ऐकू येई. तरी आत्या म्हणे, "त्याला सांग, मागच्या वर्षी देवघरावर काय दिवे लावलेस ते आठव." मी म्हणे, "हसनभाई, आत्या म्हणते, देवघराकडे जरा लक्ष द्या." मग ते मिशीत हसत. "ताई, तुमी साखर घालू नका. आक्कांचं आक्कांच्याच चवीनं येऊ द्या."

भांडण दरवर्षी एकाच गोष्टीवरून होई. काम झाले की आत्या भर दुपारी सगळी दारे-खिडक्या लावून घेई. अंधारात जमिनीवर जितके कवडसे पडत, तितकी छपराला भोके, असा तिचा हिशेब. प्रत्येक कवडशाभोवती मी खडूने गोल काढायचा आणि मग हसनभाईंना दारातून दाखवायचे. पहिल्या वर्षी मी इतक्या सावकाश, इतके नीटस गोल काढले की ते हातपाय धुऊन येईपर्यंत ऊन सरकले आणि कवडसे गोलांच्या बाहेर जाऊन बसले. हसनभाईंनी गंभीरपणे पाहिले. "आक्कांस्नी सांगा, त्यांची भोकं फिराया गेली." आतून उत्तर आले, "त्याला सांग, सूर्य सरकतो, भोक नाही."

त्यांचे म्हणणे वेगळे होते. उजेड सरळ येतो, पाणी उताराने जाते. कौलावर कौल नीट बसले असेल, तर फटीतून उजेड येईल पण थेंब यायचा नाही. "आन् समदं बुजवलं तर घर गुदमरंल," ते म्हणत. आत्याला हे पटत नसे. मला वाटते, आपल्या शब्दाने निदान एक तरी फट बुजते का, हे तिला पाहायचे असे. मी पंधरा वर्षांची असताना ती इरेला पेटली. एकही कवडसा नको, नाहीतर दुसरा माणूस बघते. मी ते मऊ करून सांगायला तोंड उघडले, तोवर हसनभाई आपले दोर गुंडाळू लागले होते.

दुसरा माणूस काकांनी पुण्याहून धाडला. खाकी हॅट घातलेला कंत्राटदार. त्याने प्रत्येक फटीत चुना भरला. दुपारी दारे लावली तेव्हा माजघरात स्वतःचा हात दिसेना, आणि आत्या त्या अंधारात बराच वेळ समाधानाने उभी राहिली. आषाढात कळले. चुलीच्या धुराला वर वाट राहिली नव्हती, स्वयंपाक करताना डोळे चुरचुरत. चुना पाणी धरू लागला आणि ते पाणी वाशावरून चालत चालत भलत्याच खोलीत टपकू लागले. कंत्राटदाराला मी तीन पत्रे लिहिली. त्याचे उत्तर इंग्रजीत आले, ते मी आत्याला मराठीतून सांगितले. त्याने कामाच्या वेळी पाऊस हिशेबात धरला होता, पण लोणावळ्याचा धरला नव्हता. आत्या हसली नाही. काकांना यातले काही कळवायचे नाही, एवढे म्हणाली.

बाजाराच्या दिवशी तिने मला मोलकरणीबरोबर गाडीने कामशेतला धाडले. हसनभाई तिथे असत. "म्हणावं, कौलं चाळायला ये. एवढंच. पुढं काही बोलू नकोस." मी भिजत त्यांच्यासमोर उभी राहिले, आणि माझ्या तोंडून निघाले ते वेगळेच. "आत्या म्हणते, चुकलं."

त्यांनी तोंडातली विडी काढली. "आक्का म्हनल्या?"

"हो."

"आक्का असं म्हनायच्या न्हाईत, ताई." मग त्यांनी विडी विझवली. "बरं. उघडीप झाली की येतो."

दोन दिवसांनी ते आले, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. अंगणात पाय रोवून त्यांनी मोठ्याने सांगितले, "आक्कांस्नी सांगा, चुकलं म्हनल्या म्हनून आलो. न्हाईतर येनार नव्हतो." आत्या तांदूळ निवडत होती. चष्म्यावरून तिने माझ्याकडे पाहिले. मग ताट खाली ठेवले. "त्याला सांग, म्हणाले असेन." आणि लगेच, "आणि म्हणावं, आधी स्वयंपाकघराचं बघ. अंगणात उभं राहून छप्पर होत नाही." त्या दिवशी जेवताना माझ्या भातावर तिने तूप जरा जास्तच वाढले. त्या विषयावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

घर आत्याने माझ्या नावाने ठेवले आहे. तेराव्याला काका म्हणाले, "तुझ्या तोंडून चार शब्द निघत नाहीत. कामाच्या माणसांशी तू काय भांडणार? विकून टाक." ते रागाने बोलले नाहीत. मी फक्त एक पावसाळा मागून घेतला.

सुटी लागताच मी लोणावळ्याला आले आणि हसनभाईही आले. ते न बोलता वर चढले, दोन दिवस न बोलता काम केले. काही विचारले तर म्हणत, "तुमी म्हनाल तसं." या घरात हे वाक्य मी कधी ऐकले नव्हते. तिसऱ्या दुपारी दारे लावली, तर आत मिट्ट काळोख. स्वयंपाकघरातसुद्धा एक कवडसा नाही. अंगणात आले तेव्हा ते मान खाली घालून उभे होते. "आक्कांची लय इच्छा व्हती," ते म्हणाले. "जित्या असताना मी ऐकलं न्हाई."

काही न बोलता आत जावे असे वाटले, तशी माझी सवयच आहे. पण दारातून चूल दिसत होती, आणि मला या घरात राहायचे होते.

"चुलीवरच्या फटी उघडा, हसनभाई."

"आक्का एकबी नको म्हनायच्या."

"आत्या म्हणायची. धूर माझ्या डोळ्यांत जाणार आहे."

त्यांनी मान वर केली. "आन् वानरांनी कौल सरकवलं तर? मग मलाच बोलाल."

"बोलेन."

"म्हंजी मीच चढायचं, मीच बुजवायचं, मीच उघडायचं."

"मला विचारलं असतंत तर एकदाच चढावं लागलं असतं."

रुमाल डोक्याला बांधत ते शिडीकडे वळले. अर्ध्यावर जाऊन बडबडू लागले, मला ऐकू जाईल अशा बेताने. या घरच्या बायांचं काही खरं न्हाई, धाकटी तर थोरलीच्या वर... मी खाली उभी राहून, तिसऱ्या कोणाला मध्ये न घेता, त्यांच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देत होते.