सुलेखाबाईंचा खुलासा

सुलेखाबाईंना एकच धास्ती होती, हातात झाडू येण्याची. झाडूचं त्यांना वावडं होतं असं नाही. गारखेड्यातलं आपलं घर त्या लख्ख ठेवत. पण शेंद्र्याच्या ज्या कारखान्यात त्या सोळा वर्षं स्विचबोर्डाचे स्क्रू आवळत आल्या, तिथं कुणाचं काही दुखलंखुपलं की त्याला लाइनीवरून उठवून झाडलोटीला धाडायची रीत होती. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती. पण दोघीजणी तशा गेल्या आणि महिन्याभरात कंटाळून घरी बसल्या, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

आणि नेमकी दोन वर्षांपासून सुलेखाबाईंची बोटं दगा देत होती. डॉक्टरांनी आमवात सांगितला. गोळ्या चुकवू नका, रक्त तपासत राहा, हात चालते ठेवा पण ताण देऊ नका, म्हणाले. गोळ्यांनी गुण आला, सूज उतरली. तरी सकाळची बोटं कुणाच्या बापाचं ऐकत नसत. सातला लाइनीवर बसलं की पेचकस निसटायचा. नऊ वाजले की तीच बोटं अशी मोकळी व्हायची, की सकाळी दुखत होतं ते दुसऱ्याच कुणाचं असावं.

मधले दोन तास जोहराबी निभावून न्यायची. शेजारच्या टेबलावरची, तोंडानं फटकळ. आपले बोर्ड झपाझप उरकायची आणि सुलेखाबाईंच्या टेबलाशी उभी राहून त्यांचे स्क्रू आवळायची.

"उपकार नाय करत," ती म्हणायची. "तू डब्यात ठेचा आणते ना, त्याची मजुरी."

सगळं गुपचूप बरं चाललं होतं, तर दिवाळीनंतर नवा नियम आला: कुणी आपलं टेबल सोडायचं नाही. आता झाकून भागणार नव्हतं. सुलेखाबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला: 'सकाळी पहिले दोन तास माझा हात आखडतो. तरी तेवढ्यापुरते दुसरे काम द्यावे, ही विनंती.'

अर्ज गेला विश्वजीतकडे. कामगारांचं सगळं बघणारा हा तरुण अधिकारी मनानं सरळ, पण वाचायला भलता घाईचा. अर्धी ओळ वाचायची आणि उरलेली मनानं पुरी करायची, ही त्याची खोड. तिसऱ्या दिवशी सुलेखाबाईंच्या हातात चक्क कारणे दाखवा नोटीस पडली: 'आपण कामात रोज दोन तास हात आखडता घेता, असे आपण स्वतः लेखी कबूल केले आहे. तरी खुलासा करावा.'

सुलेखाबाईंनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. जोहराबी हसून हसून टेबलावर आडवी झाली. सुलेखाबाईंना मात्र हसू येईना. सोळा वर्षांत एकही खाडा नाही, आणि शेवटी आपण कामचोर ठरलो, हे त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला त्या विश्वजीतच्या टेबलापुढं उभ्या राहिल्या. जोहराबी न बोलावता मागून आली.

"साहेब, हात आखडतो म्हन्ले मी. आखडता घेते नाय म्हन्ले! लई फरक हाये त्याच्यात."

विश्वजीतनं अर्ज पुन्हा वाचला, या वेळी शेवटपर्यंत, आणि त्याचे कान लाल झाले. "खुलासा लिहून द्या, नोटीस आत्ता मागं घेतो," म्हणत त्यानं पेन पुढं केलं. सुलेखाबाईंनी धरलं. ते फरशीवर पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. मग त्यानंच वाकून उचललं.

"ताई, मग आजवर तुमचे बोर्ड रोज पूर्ण कसे झाले?"

सुलेखाबाईंनी मागं वळून जोहराबीकडं पाहिलं. खरं सांगावं तर जोहराबी अडकणार.

"मैं कसती थी साब, इसके स्क्रू," मागून आवाज आला. "काढायचं तर दोघींना काढा."

विश्वजीतनं पेनाला टोपण लावलं.

"हात कधी मोकळे होतात?"

"नवाला."

"तोवर काय जमतं?"

"डोळे तर उठल्यापासून चालत्यात, साहेब."

तिथंच तोडगा निघाला. सात ते नऊ सुलेखाबाई तयार बोर्ड तपासायला बसतील, आणि तपासणीवरची रूपाली तेवढा वेळ स्क्रू आवळेल. नऊनंतर अदलाबदल. पेचकसाच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली, म्हणजे बोटं फार वळवायला नकोत. दर तासाला पाच मिनिटं हात मोकळे करायची मुभा मिळाली. झाडूचा विषयच निघाला नाही. पहिल्याच आठवड्यात सुलेखाबाईंनी इतके सैल स्क्रू पकडले, की लाइनीवरच्या पोरी त्यांना बघून सावरून बसू लागल्या.

सुलेखाबाईंना आभाळ ठेंगणं झालं. आता जोहराबीनं उठून यायचीही गरज नव्हती. तपासणीच्या टेबलावरून सगळी लाइन दिसायची. एका सकाळी त्यांनी पाहिलं: जोहराबी बोर्डाची पेटी आणायला उठली, ती टेबलाला दोन्ही हातांनी धरून, ओठ दाबून. उभी राहिली आणि डोळे मिटून क्षणभर तशीच थांबली.

सुलेखाबाई तिच्याजवळ गेल्या. "गुडघे व्हय गं? कवापासून?"

"तेरे हातां के पहले से."

"अन् मला बोलली काहून नाय?"

"बोलले असते तर तू मला उभं राहू दिलं असतं का?"

सुलेखाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दोन वर्षं रोज सकाळी ही बाई दुखऱ्या गुडघ्यांवर आपल्यासाठी उभी राहिली, आणि आपण नुसता ठेचा खाऊ घातला! त्यांनी जोहराबीच्या दंडाला धरलं आणि नवा नियम मोडून, तिला सावकाश चालवत, थेट विश्वजीतच्या टेबलापुढं नेलं.

"खुलासा मागून मागा, साहेब," त्या म्हणाल्या. "आधी हिला बसू द्या."