तीनशेची लेन्स आणि मधली ओघळ

नगरच्या फोटो स्टुडिओवाल्या काकांनी काउंटरवर पिवळं फडकं पसरलं आणि त्यावर दोन लेन्स शेजारी शेजारी ठेवल्या. एक वीतभराहून लांब, काळी, हातात घेतली की मनगट खाली ओढणारी. दुसरी मुठीत मावेल एवढी. लष्करातल्या कुणा अधिकाऱ्याने बदली होताना कॅमेऱ्यासकट त्या काकांना विकल्या होत्या. लग्नाच्या फोटोंना त्यांचा काही उपयोग नव्हता.

"ही तीनशे मिलिमीटरची आणि ही एकशे पस्तीसची," काका म्हणाले. "दोन्ही घेऊन जा. थंडीभर वापर. जी हाताला बसेल ती ठेव, दुसरी मला आणून दे."

एवढा विश्वास त्यांनी दुसऱ्या कुणावर टाकला नसता. बी.एस्सी. करताना तीन वर्षं मी संध्याकाळी त्यांच्या डार्करूममध्ये प्रिंट धूत असे. फोटोग्राफी मला त्यांनीच शिकवली, आणि ते ऋण मी आजही मानतो. आता मी मिरजगावच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. दोन कामं डोक्यात होती: शाळेच्या क्रीडास्पर्धांचे फोटो आणि मामांच्या गावाला लागून असलेल्या माळावरच्या काळविटांचे फोटो. कोणती लेन्स ठेवायची हे मी बसमध्ये चढण्याआधीच ठरवून टाकलं होतं. लांबचं जवळ दाखवते ती मोठी. मग विचार कसला करायचा?

क्रीडास्पर्धांत मी शर्यतीच्या शेवटच्या दोरीच्याही बऱ्याच मागे, अगदी समोरासमोर, तिपायी स्टँड लावून उभा राहिलो. नववीतल्या एका मुलीने धावण्याची शर्यत दणक्यात जिंकली. फोटो धुऊन आला तेव्हा पाचही मुलींचे चेहरे स्पष्ट होते, घामसुद्धा दिसत होता. मी तो मोठ्या अभिमानाने शिक्षकांच्या खोलीत लावला. खेळाचे सर चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले.

"सर, पोरीनं शर्यत मारली ना?"

"मारली की."

"मग तुमच्या फोटोत पाचही जणी बरोबरीनं पाण्याला निघाल्यासारख्या का दिसतात? दुसरी चार पावलं मागं होती. मी स्वतः दोरीपाशी होतो. गेली कुठं ती चार पावलं?"

सगळे हसले. मीही हसलो. खेळाच्या सरांना फोटोतलं काय कळतं, असं मनात म्हणालो. शास्त्राच्या शिक्षकाने तेव्हाच कागद-पेन्सिल घेऊन बसायला हवं होतं. मी बसलो नाही.

पुढच्याच रविवारी मामांच्या शेताच्या उंच बांधावर स्टँड रोवला. दुष्काळानंतरचं ते पहिलं बरं साल होतं. ज्वारी कमरेच्या वर गेलेली, कणसं भरत आलेली. पिकाच्या पलीकडे माळावर वीसएक हरणांचा कळप उतरला. मधोमध एक काळवीट होतं, पाठ काळीभोर, पोट पांढरं, शिंगांना पीळ. तीनशेच्या लेन्समधून ते इतकं जवळ आलं की मी श्वास रोखून धरला. फोटो उत्तम निघाला. खाली कणसांची गर्दी आणि तिच्यातून वर आलेल्या माना, पाठी, शिंगं. एक मोठी प्रिंट मी मामांना नेऊन दिली.

मामांबद्दल सांगायला हवं. चौथीनंतर माझी सगळी शाळा त्यांच्या घरी राहून झाली. त्यांची स्वतःची शाळा दुसरीत सुटली होती, पण माझी सुटू नये म्हणून त्यांनी मला कधी नांगरामागे उभं केलं नाही. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, त्यातला अर्धा वाटा त्यांचा. प्रिंट हातात घेऊन ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ब्येस काढलास."

आठ दिवसांनी गेलो तर चावडीसमोर पंधरा-वीस माणसं बसली होती. मध्ये मामा. मांडीवर एक अर्ज आणि अर्जाला टाचलेला माझा फोटो. हरणांचे कळप उभा जोंधळा खातात, तरी त्यांना गोळी घालायची परवानगी मिळावी, असा तो अर्ज होता. नव्या कायद्याने शिकारीला बंदी आली होती, पण नुकसानीचा पुरावा दिला तर परवानगी मिळेल असं सगळे धरून चालले होते.

"आला बघा," मामा म्हणाले. "आता नुसता कागुद न्हाई, पुरावा हाय. आमच्या भाच्यानं काढलाय. बी.एस्सी. हाय त्यो!" त्यांनी फोटो माझ्यापुढे धरला. "ह्याच्या खाली सही कर. डिग्री बी लिव्ह."

मी पेन उघडलं आणि फोटो पाहिला. त्यात हरणं जोंधळ्यात छातीपर्यंत बुडालेली होती. बघणाऱ्याला शंका येण्याचं कारणच नव्हतं. पण मला आली. मामांचं शेत आणि माळ यांच्या मध्ये पावसाच्या पाण्याने कापलेली एक ओघळ आहे, तिच्या अंगाला पडीक जमिनीचा पट्टा आहे. लहानपणी त्या ओघळीत मी शेळ्या चारल्या होत्या. शेताच्या टोकापासून माळापर्यंत दीडशे पावलं सहज भरतील. फोटोत ओघळ नव्हती. पडीक नव्हतं. माझ्या कानात खेळाचे सर विचारत होते, गेली कुठं ती चार पावलं?

मी पेन मिटलं.

"मामा, ह्याच्यावर सही नाही करता यायची. ह्यात दिसतं ते खरं नाही."

"म्हंजी? तू न्हाई काढला?"

"मीच काढला."

"मंग खोटं कोन बोलतंय? हरनं?"

माणसं खदखदून हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "शिकल्यावर आसंच व्हतंय. जोंधळा आमचा आन् कळवळा हरनाचा!"

मामा हसले नाहीत. त्यांची मान खाली गेली, आणि ते मला सगळ्यांत जास्त लागलं. पण मला काय सांगायचंय ते आता पक्कं कळलं होतं.

"सडकेवर उभं राहून लांबून येणाऱ्या दोन बैलगाड्या बघा. एकमेकींना खेटलेल्या दिसतात. जवळ आल्या की मध्ये शंभर पावलांचं अंतर निघतं. मोठी लेन्स घेऊन मी लांब उभा होतो. तिनं हरणं मोठी दाखवली, पण मधली ओघळ दाखवली नाही."

एक म्हातारे बाबा म्हणाले, "व्हय, गाड्या दिसत्यात खऱ्या तशा."

"आन् खाल्लेली कनसं?" मामांनी विचारलं. "ती काय म्या खाल्ली?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "मी बाजूनं जाऊन, जवळून फोटो काढतो. त्याच्यावर सही करतो."

"त्यात हरनं जोंधळ्यात निघाली तर?"

"तरीही करतो."

मामांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. "आयतवारी बघू."

रविवारी उजाडताच त्यांनी स्वतः बैलगाडी जुंपली. पायी चालत्या माणसाला पाहून हरणं पळतात, पण बैलगाडी त्यांच्या रोजच्या ओळखीची. गाडीच्या हिसक्यात तीनशेची लेन्स स्थिर राहणं शक्य नव्हतं, आणि गाडीत स्टँड लावणार कुठे? मी एकशे पस्तीसची लावली. ती हातात धरून फोटो काढता येतो. ओघळीच्या कडेकडेने गाडी हळूहळू निघाली. डावीकडे जोंधळा, उजवीकडे ओघळ, तिच्यापलीकडे माळ आणि माळावर कळप. कळप चाळीस पावलांवर आला तेव्हा मामांनी कासरा ओढला.

मी ओघळीच्या रोखाने पुढे कॅमेरा डोळ्याला लावला. सगळं एका चौकटीत आलं: पिकाची कड, पडीक, ओघळ, गवतात चरणारी हरणं. मी खटका दाबला. तेवढ्यात मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हनुवटीने डावीकडे दाखवलं. ओघळीच्या अलीकडे, अगदी पिकाच्या कडेला, दोन माद्या जोंधळ्याची पानं ओरबाडत होत्या.

"त्यांचा बी काढ," ते कुजबुजले.

मी काढला. तो फोटो टाळला असता तर चावडीवर बोललेलं सगळं वाया गेलं असतं.

मामा ओठ हलवत मोजत होते. "अठरा तिकडं. दोन हिकडं." आणि मग बैलांना हाळी देत म्हणाले, "दोघींसाठी बंदूक कशाला? गोफन पुरंल."

मी दोन्ही प्रिंटांवर सही करून दिली, पदवीसह. बंदुकीचा अर्ज मामांच्या खिशातून पुढे कुठे गेला नाही. पाखरं राखायला शेताच्या मध्ये बांधलेला मचाणासारखा उंच माळा त्यांनी सोडवला आणि ओघळीकडच्या टोकाला नेऊन उभा केला. चावडीवर चेष्टा झाली, पण आठवड्याभरात आणखी दोघांनी आपापले माळे हलवले. गोफणीचा आवाज झाला की माद्या ओघळ ओलांडून कळपात परत जात. त्या हंगामात माळावर गोळी वाजली नाही.

उन्हाळा लागताना मी नगरला गेलो आणि तीनशेची लेन्स काकांच्या काउंटरवर ठेवली.

"ही परत?" त्यांनी चष्मा वर केला. "मला वाटलं होतं तू हीच ठेवशील. बिघडली का?"

"लेन्स चांगली आहे, काका. ती लावली की मी फार लांब उभा राहतो."

त्यांनी ती पिवळ्या फडक्यात गुंडाळून ठेवली. एकशे पस्तीसची माझ्याकडे राहिली. पुढे शाळेत फोटो शिकणारी मुलं लेन्स किती लांबचं ओढते ते विचारायला येत, तेव्हा मी आधी त्यांना मैदानाच्या बाजूला नेऊन उभं करत असे.

मामांनी त्या दोन माद्यांचा फोटो काच लावून ओसरीत टांगला, माझी सही आणि पदवी दिसेल असा. पाहुणा आला की ते त्याला फोटोसमोर उभं करत आणि म्हणत, "ह्यात आपल्या रानात किती हायेत, मोजा."

पाहुणा म्हणे, "दोन."

"दोनच," मामा म्हणत. "बी.एस्सी.नं सही केलीय."