मास्तरांचं घनफळ

मेढ्याजवळच्या ज्या शाळेत मी गणित शिकवतो, तिथल्या नववीच्या वर्गाला घनफळ या प्रकाराचा मनापासून तिटकारा होता. मी घरून पावडरचे डबे, नरसाळी, बिस्किटांचे पुडे आणले, त्यांना कागद गुंडाळून पृष्ठफळ काढून दाखवलं. पोरं जांभया देत राहिली. शेवटी पहिल्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, डब्याचं कळलं. तुमचं घनफळ किती हाय?"

वर्ग ताडकन जागा झाला. आता माघार घेतली असती तर वर्षभर कुणी मला मोजलं नसतं.

दुसऱ्या दिवशी नळाजवळ निळा बॅरल काठोकाठ भरला. मी बनियन काढून अर्ध्या चड्डीवर आलो. पोटाकडं बघून मागून कुणीतरी "गोल!" म्हणालं. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि आत उतरलो. पाणी धबाधबा बाहेर सांडलं. डोकंही आत पाहिजे म्हणून नाक धरून एक बुडी मारली. वर आलो तर टाळ्या चालू होत्या. बाहेर काढायला मात्र चौघांना ओढावं लागलं.

मग पोरांनी लिटरच्या मापानं बॅरल पुन्हा काठापर्यंत भरला. एकोणऐंशी मापं गेली.

"सर, चड्डीनं पिलेलं पाणी वजा करायचं न्हाई व्हय?" तीच पोरगी.

प्रश्न बिनतोड होता. आम्ही चड्डी पिळली. अर्धा लिटर वजा झाला.

"आता पृष्ठफळ," ती म्हणाली. "तुमी वले हायसा तवर कागद चिकटंल."

थंडीनं माझे दात वाजत होते, पण वर्गात इतका उत्साह मी नोकरी लागल्यापासून पाहिला नव्हता. स्टाफरूममधली रद्दी आली. पोरं पाठीवर, पोटावर, पायांवर वर्तमानपत्राची पानं चिकटवू लागली. एकावर एक येऊ द्यायचं नाही, फट ठेवायची नाही, यावरून भांडणं लागली. काखेत आलेला तुकडा फाडायचा की दुमडायचा, यावर तर मतदान झालं.

नेमकी तेव्हाच मुख्याध्यापकांच्या मागोमाग विस्तार अधिकाऱ्यांची स्वारी आली. मी आदरानं हात जोडले, तर दोन्ही काखांतलं माप सुटलं. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"पृष्ठफळ, साहेब," मी म्हणालो.

ते माझ्याभोवती सावकाश एक फेरी मारून आले. मला वाटलं, आता बदली. त्यांनी पोरीला विचारलं, "किती पानं लागली?"

"अकरा. म्हंजी दोन चौरस मीटरला थोडं कमी."

"आणि कान?"

तिनं माझ्या कानांकडं पाहिलं. साहेबांनी हातातल्या पेपराचा कोपरा फाडला आणि स्वतः माझ्या उजव्या कानावर दाबून बसवला. नंतर अर्धा तास ते पोरांबरोबर कानाच्या वळ्या कशा मोजायच्या यावर वाद घालत उभे होते. चहा निवला, मुख्याध्यापक दोनदा बोलवायला आले, ते हलले नाहीत.

संध्याकाळी घरी शर्ट काढला तर बायको मागून हसायलाच लागली.

"आवं, पाठीवर वधू पाहिजे म्हणून छापलंय. उलटं हाय, पण वाचता येतंय."

"काय अपेक्षा आहेत?"

"सुशिक्षित, शांत स्वभावाची," ती म्हणाली आणि काथ्या घेऊन पाठ घासायला बसली.