बोटावरची क्लिप

मिरकरवाड्यात जाळं फाटलं की लोक ते अहमद होडेकरांच्या ओटीवर टाकून जात. गुडघ्यांपायी त्यांचं ट्रॉलरवर जाणं सुटलं होतं, पण हात बसू देईनात. बायकोशी बोलतानासुद्धा बोटं गाठी मारतच असायची.

"तुमचं लग्न जाळ्याशी झालंय. मी नुसती भाकऱ्या थापायला आलेय," फरीदा म्हणायची.

"मग थाप," मान वर न करता ते म्हणायचे.

न्युमोनियाने छाती भरली आणि त्यांना इस्पितळात हलवलं. शुद्ध नव्हती. बोटाला चिमट्यासारखी क्लिप लावली होती. तिचा लाल उजेड बोटातून आरपार जायचा आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा पडद्यावर दिसायचा.

पण बेशुद्धीतही बोटांनी चादरीची कड धरली आणि गाठी मारायला घेतल्या. क्लिप निसटली, यंत्र वाजलं. फरीदा दाराकडे धावली.

"काही नाही चाची," नम्रता सिस्टर क्लिप लावत म्हणाली. "चाचा विणायला बसलेत. पडद्यावर पिवळी पट्टी आणि हळू आवाज म्हणजे क्लिप सुटली. लाल पट्टी आली तर मात्र मला हाक मारा."

पुढे त्या हळू आवाजाचाच फरीदाला आधार वाटू लागला. क्लिप सुटली म्हणजे हात चालतोय, हात चालतोय म्हणजे माणूस आहे. क्लिप परत लावताना ती म्हणायची, "केवढं फाटलंय हो? आटपा, घरी जाऊया." क्लिप बोटाला घट्ट बसवायला सिस्टरने चिकटपट्टी आणली, तर तिने अडवलं. "नको गं बाय. विणू दे त्यांना."

शुक्रवारी दुपारी ती डोळे मिटून दुआ मागत होती. यंत्र वाजलं. सवयीने, डोळे न उघडताच, क्लिप शोधायला तिने चादरीखाली हात घातला.

क्लिप बोटावरच होती. बोट हलत नव्हतं.

तिने वर पाहिलं. पट्टी लाल होती. तिने हाक मारली. सिस्टर धावली, डॉक्टर आले, फरीदाला बाहेर उभं केलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले आणि तिच्यासमोर नुसते हात जोडून उभे राहिले.

ती आत गेली. आवाज बंद केलेल्या यंत्रावर लाल पट्टी तशीच होती. नवऱ्याचा हात मांडीवर घेऊन तिने क्लिप अलगद काढली.

पट्टी पिवळी झाली.

यंत्र बंद करायला नम्रताने हात पुढे केला.

"राहू दे गं बाय, घटकाभर," फरीदा म्हणाली.

नम्रताने हात मागे घेतला.